आपट्याचा पिवळा नमुना

आश्विन लागला की मला पिवळ्या रंगाची शिसारी येऊ लागते. ही तक्रार कुणाला सांगण्यासारखी नाही, कारण याच महिन्यात आमचा अख्खा जिल्हा पिवळा होतो. धाराशिवहून येडशीकडे निघावं तर दोन्ही अंगांना सोयाबीन पिकून पिवळं पडलेलं, बांधावर तरवड फुललेला, चौकात झेंडूची पोती उघडलेली. माणसं गाड्या थांबवून फोटो काढतात. शाळेतल्या सहशिक्षिका म्हणतात, "तुम्ही चित्रकलेच्या, तुम्हाला तर या दिवसांत किती आनंद होत असेल!" मी हसून मान हलवते. खोटं हसायची मला सवय आहे आणि ती कुठं लागली तेही मला नेमकं ठाऊक आहे.

दसऱ्याच्या आठवडाभर आधीपासून मोबाइलवर आपट्याची सोनेरी पानं चमकायला लागतात. कडांना झळाळी, मागं ढोल, पुढं हात जोडलेला कुणी नेता. मग प्रत्यक्ष दसरा येतो. कुठल्या कुठल्या माळावरून फांद्याच्या फांद्या ओरबाडून आणलेल्या असतात आणि त्यातल्या निम्म्या आपट्याच्या नसतातच, कांचनाच्या असतात. विकणारा आपटा म्हणून विकतो, घेणारा आपटा म्हणून घेतो, आणि 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' म्हणत सगळे एकमेकांच्या हातात ते खोटं पान कोंबतात. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना बघावं, तर ते सोनं गटाराच्या तोंडाशी गुटख्याच्या पुड्यांबरोबर कुजत पडलेलं. शेळीसुद्धा हुंगून पुढं जाते.

आपट्याचं खरं पान मला ओळखता येतं. ते लांबीपेक्षा रुंदीला थोडं जास्त असतं, टोकाला दुभंगलेलं, हाताला जाडसर. वरून मळकट हिरवं, खालून करडं आणि बारीक लव असलेलं. चमक म्हणाल तर अजिबात नाही. चार झाडांत हे झाड उभं असलं तर कुणी त्याच्याकडं बघणार नाही, इतकं ते साधं आहे. ते बघायला मला हमीदचाचांनी शिकवलं. मी चार वर्षं चित्रकला शिकून पदविका घेतली होती, पण पान बघायला मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, एका पाट्या रंगवणाऱ्या माणसानं शिकवलं.

हमीदचाचा नळदुर्गचे. एकेकाळी किल्ल्यापासून हायवेपर्यंतच्या निम्म्या दुकानांवर त्यांच्या हातची अक्षरं होती. मग फ्लेक्स आला आणि रात्रीत सगळी दुकानं एकाच तोंडवळ्याची झाली. चाचा ट्रकच्या फाळक्यांवर मोर काढू लागले, धाब्यांच्या भिंतींवर कोंबड्या काढू लागले. कोंबडी असो की मोर, आधी जाऊन खरी बघून यायची हा त्यांचा नेम होता. धाबेवाले वैतागायचे. "चाचा, कोंबडी काय पळून चाललीय व्हय?" असं म्हणायचे, आणि चाचा शांतपणे सांगायचे, "पळतीय म्हनूनच तर बघायची."

त्यांना आणि मला एकत्र आणलं ते आबासाहेबांनी. आबासाहेब आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. म्हणजे तेव्हा ती 'आमची' नव्हती. मी घरात बसून मेंदीचे आणि रांगोळीचे वर्ग घेत होते. ते पुण्याला कुणा श्रीमंत व्याह्यांकडं गेले होते आणि तिथल्या दिवाणखान्यात त्यांनी इंग्रज साहेबाच्या काळातली, हातानं रंगवलेली झाडाफुलांची चित्रं बघितली. महागड्या चौकटीत, एका ओळीत टांगलेली. ते परत आले ते हेच डोक्यात घेऊन. "आपल्या बालाघाटाची बारा झाडं पाहिजेत. छापलेली न्हाईत, हातानं रंगवलेली. तीनशे घरांत लागली पाहिजेत." पहिलं झाड आपटा ठरलं, कारण ते दसऱ्याला पाहुण्यांना सोनं म्हणून वाटायचं होतं.

त्या जुन्या चित्रांबद्दल मी पुढं बरंच वाचलं आणि जितकं वाचलं तितकी मला त्यांची किळस आली. चित्रांची नव्हे, त्यांच्या मागच्या व्यवहाराची. एखाद्या साहेबाला किंवा राजाला हौस यायची. इथलाच कुणी चितारी पानापुढं दिवसचे दिवस डोळे फोडत बसायचा. मग ते चित्र रेघांत छापलं जायचं, आणि कुठल्यातरी खोलीत बायका आणि लेकरं ओळीनं बसून त्यात रंग भरायची. एकीनं नुसता हिरवा, दुसरीनं नुसता लाल, कागद पुढं सरकवायचा. खाली नाव कुणाचं, तर हौस करणाऱ्याचं. आपण हे चित्र बघून म्हणतो, काय सुंदर फूल आहे! मीही म्हणायचे. आणि त्या हौशी लोकांना 'आश्रयदाते' म्हणायचं असतं, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं.

आमचंही काम अगदी तसंच चालायचं. चाचांनी आपट्याची फांदी शाईच्या रेघांत काढली आणि खाली आपलं नाव घातलं. प्रेसमध्ये त्या रेघांचे, वाया जाणारे धरून, साडेतीनशे जाड कागद छापून आले. त्यातल्याच एका कागदावर चाचांनी स्वतः रंग भरला, तो नमुना. तो मधोमध उभा करायचा आणि चार बाजूंनी चार बायकांनी त्याच्याकडं बघत बाकीचे कागद रंगवायचे. पहिलीनं पानाचा पहिला हात, दुसरीनं सावली, तिसरीनं शेंगा, चौथीनं फांदी. त्या चौघींतली एक मी. दुसरी मंगल, जी सोलापुरात माहेरी असताना विड्या वळायची आणि जिची बोटं आम्हा तिघींची मिळून चालतील इतकी चालायची. पदविका एकट्या माझ्याकडं असल्यानं आणखी एक काम माझ्यावर होतं. रंगवून झालेला प्रत्येक कागद नमुन्याशी ताडून बघायचा आणि खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहायचं, 'नमुन्याबरहुकूम', पुढं माझी सही.

नमुना रंगवायच्या दिवशी मी चाचांबरोबर येडशीला गेले होते. रामलिंगाच्या बाजूला रस्त्याकडेला एक आपटा आहे, त्याच्याखाली त्यांनी पोतं अंथरलं. पाऊस उघडला होता, जमीन मऊ होती, सगळीकडं ओल्या पाल्याचा आंबूस वास होता. माकडं आमच्या डब्यावर टपलेली. चाचांनी डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "तू ह्यास्नी बघ, म्या पानाला बघतो." ते पेटीतला तयार हिरवा कधी वापरायचे नाहीत. निळ्यात पिवळा घालायचे, मग त्या हिरव्याचा भडकपणा मारायला चिमूटभर गेरू. कालवलेला रंग आधी अंगठ्याच्या नखावर लावायचे, नख पानाला टेकवायचे, आणि नख कुठं संपतं अन् पान कुठं सुरू होतं ते दिसेनासं झालं की मगच कुंचला कागदावर. त्या दिवशी त्यांनी सतरा वेळा नख पुसलं. मी कंटाळून गेले होते. अठराव्या वेळी त्यांनी अंगठा माझ्यापुढं धरला आणि मला खरोखर नख दिसलं नाही.

दुपार कलल्यावर त्यांनी काम थांबवलं. मी म्हटलं, अजून उजेड आहे की. तेव्हा त्यांनी मला त्यांच्या धंद्यातला एकच नियम सांगितला. "बेटा, तीनच्या पुढं डोळ्यावर इस्वास ठिवायचा न्हाय. डोळा थकला की त्याला हिरवा बी पिवळा दिसतोय, पिवळा बी हिरवा. त्याला कळत न्हाय आपण थकलोय म्हनून. तवा नमुन्यावर इस्वास ठिवायचा. नमुना थकत न्हाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी हेच चौघींना बसवून सांगितलं. मंगलला ते इतकं आवडलं की कुणी काही विचारलं की ती म्हणायची, "मला काय इचारताय, नमुन्याला इचारा."

चाचांच्या नमुन्यात एका पानाला अळीनं पाडलेलं भोक होतं, एक पान कडेनं करपलेलं होतं, खाली गेल्या हंगामातल्या काळ्या, वाळक्या शेंगा लोंबत होत्या. आणि तो मळका, न चमकणारा हिरवा. मी त्या कागदाकडं बघताना माझ्या बोटांना लव लागायची. असं चित्र माझ्या हातून होणार नाही हे मला तेव्हाच कळलं होतं आणि त्याचं वाईटही वाटलं नव्हतं. नमुना आमच्या हवाली करून चाचा नळदुर्गला गेले. मुलाचं लग्न होतं, पंधरा दिवस तरी येणार नव्हते.

चौथ्या दिवशी आबासाहेबांनी मला नमुना घेऊन बोलावलं. त्यांनी शिपायाला चहा आणायला धाडलं आणि कागद टेबलावर पसरला.

"बाई, चित्र झकास हाय. पण हिरवं लई झालंय."

"थोडा पातळ करू का रंग?"

"पातळ न्हवं. हे बघा, माझ्या मनात काई न्हाय. हमीद माझ्या वडलांच्या काळापासून आपल्या पाट्या रंगवतोय, आपल्याच घरातला मानूस. पण लोक आधी नाव वाचतात आन् मंग रंग बघतात. दसऱ्याचा सण, वर हे हिरवंगार आन् खाली हमीदचं नाव. कुणीतरी बोलणारच. मी कुणाकुणाचं तोंड धरू?"

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी म्हटलं, "पण आबासाहेब, पान हिरवंच असतंय."

"दसऱ्याला आपण एकमेकाला काय देतो?"

"सोनं."

"मंग सोनं हिरवं असतंय व्हय?"

आपल्याच बोलण्यावर ते इतके खूश झाले की त्यांनी ते वाक्य चहा घेऊन आलेल्या शिपायालाही ऐकवलं. तो बिचारा हसला. मग म्हणाले, नाव मात्र ठेवायचं. नाव काढलं तर म्हणतील, आबासाहेबानं मुसलमानाचं नाव काढलं. नाव ठेवायचं आणि रंग बदलायचा. हे सगळं ते इतक्या समजूतदार आवाजात बोलत होते की जणू माझ्यावर आणि चाचांवर उपकारच करतायत. मी उठताना त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि सहज बोलल्यासारखं बोलले, "जूनला आपल्या शाळेत चित्रकलेची जागा निघतीय. म्या तुमचंच नाव धरलंय."

त्यांनी 'जर-तर' केलं नाही, धमकीही दिली नाही. मला पुष्कळदा वाटतं, दिली असती तर बरं झालं असतं. मला रडू आलं नाही, झोपही उडाली नाही. आम्ही चौघी रंगवायला बसायचो त्या शाळेच्या हॉलमध्ये जाऊन मी छापील कागदांतला एक कोरा कागद घेतला आणि पाऊण तासात नवा नमुना रंगवला. पानं सोनेरी पिवळी, कडेला थोडा केशरी, भोक नाही, करप नाही. सांगायची लाज वाटते, पण तो रंग कागदावर फार छान पसरला. हात मोकळा चालला होता आणि मला मजा आली. रेघा छापीलच असल्यानं कागद चाचांचाच वाटत होता. जुन्या नमुन्याचे मी चार तुकडे केले आणि तोवर हिरवे रंगलेल्या थोड्या कागदांबरोबर ते आम्ही कुंचले पुसायला वापरले.

मंगल दुसऱ्या दिवशी नमुन्यापुढं बसली आणि बसूनच राहिली. "बाई, कालपत्तर हिरवं व्हतं की."

"साहेबांनी बदललंय."

"चाचांस्नी ठावं हाय?"

मी म्हटलं, कळवू. तिनं माझ्याकडं बघितलं, मग ताटलीत पिवळा ओतला. त्यानंतरच्या दहा-बारा दिवसांत तिनं 'नमुन्याला इचारा' हे एकदाही म्हटलं नाही. मी तीनशे कागद एकेक करून ताडून बघितले आणि तीनशे वेळा 'नमुन्याबरहुकूम' लिहिलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. प्रत्येक कागद नमुन्यासारखाच होता.

जुन्या चित्रांत चिताऱ्याचं नाव पुसलं जायचं आणि चित्र राहायचं. आम्ही उलटं केलं. चाचांचं नाव ठळक ठेवलं आणि त्यांचं चित्र पुसून टाकलं. कुठल्या साहेबाला हे सुचलं नसेल.

दसऱ्याच्या दुपारी शाळेच्या मैदानात मांडव होता. आबासाहेब स्वतः एकेकाच्या हातात चित्र देत होते, "सोनं घ्या, सोनं घ्या." चाचा लग्नातला नवा पांढरा सदरा घालून आले होते. त्यांना शाल द्यायची होती म्हणून शेवटच्या रांगेतून पुढं आणून बसवलं होतं. त्यांच्या हातात अजून चित्र गेलं नव्हतं. तेवढ्यात सास्तूरकडचे एक शेतकरी पाहुणे, संस्थेतल्याच कुणाचे तरी मामा, चित्र हातभर लांब धरून न्याहाळू लागले आणि मोठ्यानं म्हणाले, "आबासाहेब, ह्येला तर येलो मोझॅक झालाय! फवारणी करा की." त्या रोगानं सोयाबीनची पानं अशी पिवळी पडलेली ज्यांनी बघितली आहेत त्या सगळ्या मांडवाला ते एका क्षणात पटलं. हशा असा उसळला की माइकवाल्यानं हातानं माइक झाकला.

सगळ्यांत मोठ्यानं आबासाहेब हसले. हसता हसता त्यांनी माइक घेतला. "काय करायचं मामा, आमच्या पेंटरचे डोळे गेले. वय झालं. हिरवं-पिवळं कळंना झालंय त्याला. पण हात बघा, हात अजून सोन्याचा हाय." आणि लगेच चाचांना पुढं बोलावून त्यांच्या खांद्यावर शाल घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मंगल माझ्या शेजारी उभी होती, तिच्या हातात पाण्याचा जग होता, तो तिनं खाली ठेवला नाही.

माणूस माणसाला मारतो, लुबाडतो, हे मी समजू शकते. पण मारून वर शाल घालायची, आणि ज्याला मारलं त्यानं ती वाकून घ्यायची, याची मला आजही किळस येते. मी हे लिहिताना मला तो मांडवाच्या कापडाचा उबट वास येतोय.

मांडव पांगल्यावर चाचा माझ्याकडं आले. हातात चित्र होतं. त्यांनी ते जवळ धरलं, लांब धरलं, मांडवाबाहेर उन्हात नेऊन बघितलं, चष्मा काढून बघितलं. मग अंगठा पानावर टेकवला. नखावर रंग नव्हता, तरी टेकवला. खालच्या कोपऱ्यातली माझी सही त्यांनी वाचली.

"बेटा, नमुना असाच व्हता का?"

आबासाहेब वीस पावलांवर उभे होते, पण त्यांचं आमच्याकडं लक्ष नव्हतं. कुणीच ऐकत नव्हतं. मी खरं बोलले असते तर ते आम्हा दोघांतच राहिलं असतं, चाचा कुठं बोलले नसते. मला हे तेव्हाही माहीत होतं.

"असाच होता, चाचा."

त्यांनी मान हलवली. "मंग असंल," म्हणाले. "माझाच डोळा." आणि शालीची घडी घालत घालत स्टँडकडं निघाले.

उरलेल्या अकरा झाडांचं पुढं काही झालं नाही. मांडवातल्या हशानं आबासाहेबांची हौस फिटली. मला जूनमध्ये नोकरी लागली. चाचांच्या डोळ्यांची गोष्ट मात्र नळदुर्गपर्यंत त्यांच्या आधी पोचली होती. जो माणूस येलो मोझॅक रंगवतो त्याला कोण फाळका देणार? धाबेवाल्यांनी हसत हसत काम देणं बंद केलं, कुणी रागानं नव्हे. मध्यंतरी जिल्ह्याचं नाव बदललं, गावोगावच्या पाट्या नव्यानं रंगल्या. त्यातली एकही त्यांच्याकडं आली नाही, असं मला मंगलकडून कळलं. तिनं ते मला भाजीबाजारात उभ्या उभ्या सांगितलं आणि पिशवी उचलून निघून गेली.

या अकरा वर्षांत मी नळदुर्गवरून किती वेळा गेले असेन. एकदा बस धाब्यावर थांबली तेव्हा चाचा बाकावर चहा पिताना दिसले. मी खिडकीला पडदा ओढून घेतला. शाळेत पोरं पानाला पेटीतला तयार हिरवा फासतात, प्लास्टिकच्या बादलीचा असतो तसला. मी त्यांना 'छान' म्हणते. निळ्यात पिवळा आणि चिमूटभर गेरू, हे मी आजवर एकाही पोराला शिकवलेलं नाही. हात धजत नाही. मला आबासाहेबांची किळस येते असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. ते वारले तेव्हा शोकसभेत बसूनही मनात तेच म्हणत होते. पण आबासाहेबांनी फक्त रंग बदलायला सांगितला होता. चाचांना 'असाच होता' म्हणायला त्यांनी सांगितलं नव्हतं. ते माझं स्वतःचं होतं.

गेल्या आठवड्यात आबासाहेबांच्या मुलाचा फोन आला. तो आता अध्यक्ष आहे, शिकलेला आहे, मला मॅडम म्हणतो. घरात तो जुना प्रिंट सापडला म्हणाला. "मॅडम, दसऱ्याला पुन्हा काढू या. तुम्ही मुलींकडून रंगवून घ्या. आणि त्याच्यासोबत एक छोटी गोष्ट लावू. तो आंधळा पेंटर होता ना? 'आंधळ्या चित्रकाराचं सोनेरी झाड.' लोकांना असलं फार आवडतं. दोन ओळी तुम्हीच लिहा, तुम्ही तर बघितलंय त्याला."

मी म्हटलं, "ते आंधळे नव्हते."

"हो, म्हणजे पूर्ण नसतील. आता कुणाला काय फरक पडतोय, मॅडम?"

मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन खरोखरच ओकले. वयाच्या अडतिसाव्या वर्षी मला पहिल्यांदा कळलं, किळस हा नुसता बोलायचा शब्द नाही.

रविवारी मी नळदुर्गला गेले. किल्ल्याकडच्या गल्लीत विचारत विचारत घर सापडलं. सुनेनं दार उघडलं; तिचं नाव सायरा, त्याच पंधरा दिवसांत लग्न होऊन आलेली. चाचा ओसरीवर सुपात तुरीची डाळ निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली आणि मी उंबऱ्यापाशी असतानाच म्हणाले, "चित्रकलेच्या बाई न्हवं का तुमी?" मी बसले. ते बोलत बोलत डाळीतून खडे काढत होते. मोहरीएवढे खडे, डाळीच्याच रंगाचे. चिमटीत धरायचे आणि बाजूला टाकायचे. एकही चुकत नव्हता. मी त्या बोटांकडं बघत राहिले.

"डोळे दाखवले का कुणाला?" मी विचारलं.

"दाखवले की. तवाच शिबिरात दाखवले. डॉक्टर म्हनला, चाचा, नजर झकास हाय, चष्म्याचा नंबर तेवढा बदला. म्या म्हनलं, डॉक्टरला रंगातलं काय कळतंय! म्याच नमुना पिवळा रंगवला म्हनल्यावर नजरेला काय चाटायचंय? त्या दिसापासनं कुंचला धरला न्हाय. हौ, उगाच कुनाची पाटी कशाला बिघडवायची."

मी घरून जे वाक्य पाठ करून आले होते ते मला आठवेना. मी नुसतंच म्हटलं, "चाचा, नमुना मी बदलला होता. आबासाहेबांनी सांगितलं आणि मी बदलला. तुमचा मी फाडला. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

सुपावरचा हात थांबला. आत सायराचं भांडं वाजलं. मी वाट बघत होते. त्यांनी शिवी द्यावी, सूप फेकावं, निघ म्हणावं, माझी कशालाही तयारी होती. अकरा वर्षं मी त्याच एका गोष्टीच्या भरवशावर होते, की कधी सांगितलं तर निदान ते माझ्या तोंडावर थुंकतील.

"पान हिरवं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"होतं."

"म्या लावलेलं?"

"तुम्हीच लावलेलं. भोक होतं, करप होती, सगळं होतं."

"म्हंजे मला दिसत व्हतं."

"दिसत होतं, चाचा."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. चेहरा हळूहळू असा उजळला की मला तिकडं बघवेना. ते उठून उभे राहिले आणि आतल्या दाराकडं तोंड करून लहान पोरासारखे ओरडले, "सायरा! आगं ऐकलंस का? मला दिसत व्हतं! चांगलं दिसत व्हतं!" आणि मग माझ्याकडं वळून, डोळे पुसत म्हणाले, "बसा, बाई, उटू नगा. चहा टाक गं सायरा, साखर जास्ती टाक. बाईंनी लई चांगली खबर आणलीया."

सायरानं चहा आणला. मी तो प्याले.